अंतरपाटाच्या टोकाशी

अंतरपाट धरला की अख्ख्या मांडवात जागा एकच. गुरुजींच्या समोरची, अंतरपाटाच्या ऐन टोकाशी. तिथून एका बाजूला नवरी दिसते, दुसऱ्या बाजूला नवरा, आणि मधे ते कापड नुसत्या रेघेएवढं. बाकी कुठेही उभं राहा, एकाचा चेहरा मिळेल आणि दुसऱ्याची पाठ. ह्या जागेसाठी मी आयुष्यभर भांडत आले आहे. मोबाइल वर करून घुसणारे काका, "मी सख्खी मावशी" म्हणून पुढे सरकणाऱ्या बायका, कोणाची भीड ठेवली नाही. कोलकात्यातल्या मराठी मंडळींत माझ्या कोपराचं नावच आहे. शकुनताई कॅमेरा घेऊन निघाल्या की बरगड्या सांभाळा, म्हणतात. म्हणेनात का! फोटो चांगले आले नाहीत तर हेच लोक मला नावं ठेवायला पहिले.

माझा स्टुडिओ बेहालात. नवऱ्याची बँकेतली बदली म्हणून इथे आले, त्यांची पुढची बदली झाली तेव्हा मी म्हटलं, तुम्ही जा, मी आता माझं दुकान सोडून येत नाही. गेले बिचारे, निवृत्त होऊन परत आले. पासपोर्टचे फोटो, बाळांच्या पहिल्या भाताचे, म्हणजे उष्टावणाचे फोटो, आणि हिवाळाभर लग्नं. लग्नं बहुतेक बंगाल्यांची. तिथे नवरी दोन विड्याची पानं तोंडावर धरून येते, पानं बाजूला करायला सगळे तिची मनधरणी करतात, ती लाजते, फोटोवाल्याला वेळच वेळ. आपल्याकडे तसं नाही. गुरुजींनी शेवटचं 'सावधान' म्हटलं की कापड गेलं, आणि पाठोपाठ तोंडावर तांदूळ. त्या दोन्हींच्या मधे जे काय मिळेल ते. मी ते डोळ्यांनी पकडत नाही, कानांनी पकडते. मंगलाष्टकाची चाल उतरायला लागली की माझं बोट आपसूक बटणावर जातं. म्हणून इथली मराठी लग्नं माझ्याकडे येतात.

खांबेट्यांच्या चैत्रालीचं लग्नही असंच माझ्याकडे आलं. श्रीकांत खांबेटे म्हणजे बँकेतले मोठे साहेब, आता निवृत्त. शर्टाला सुरकुती नाही आणि तोंडाला शब्द नाही असा माणूस. बायको वृंदाताई त्यांच्या उलट, सारख्या पदराशी चाळा करत बोलणाऱ्या. चैत्राली त्यांची एकुलती एक, जन्मापासून ऐकू न येणारी. नवरा मुलगा केयूर, सॉल्ट लेकला संगणकाच्या कंपनीत, आईवडील बराकपूरला. त्यालाही ऐकू येत नाही.

हे मला आधी माहीत होतं. तरी पहिल्या दिवशी मी माती खाल्लीच.

लग्नाआधीचे फोटो काढायला आम्ही फोर्ट विल्यमच्या बाजूला, नदीच्या घाटावर गेलो होतो. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि सवयीप्रमाणे तोंडाचा पट्टा सुरू केला. "हनुवटी खाली, अगं जरा डावीकडे, केयूर, तू बघ तिच्याकडे, हसा की, फोटो आहे, परीक्षा नाही!" दोघं जागचे हलले नाहीत. मी आवाज चढवला. घाटावरचा चणेवाला डावीकडे सरकला, पण ही दोघं नाहीत. मग चैत्राली माझ्याजवळ आली, माझा कॅमेरा हलकेच खाली केला, आणि माझ्या ओठांकडे बोट दाखवलं.

कपाळ माझं! तोंडापुढे एवढा मोठा डबा धरून मी बोलत होते. ती ओठ वाचते, आणि मी ओठच झाकले होते.

तिने मोबाइलवर लिहून दाखवलं, "काकू, आधी सांगा, मग काढा. आणि ओरडू नका, तुमच्या कपाळाच्या शिरा दिसतात."

अशी मुलगी. मी हसले, ती हसली, आणि त्यानंतर आमचं जमलं.

पण खरं सांगायचं ते पुढेच. केयूर पायऱ्या उतरून पार खाली धक्क्यावर चहा आणायला गेला. मधे ही गर्दी, लाँचचा भोंगा ठणाणा करतोय, कोणाचं पोर रडतंय. मला शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. आणि ही वरच्या पायरीवर उभी राहून त्याच्याशी बोलत होती. हात उचलले, दोन बोटं फिरवली, भुवई चढवली. त्याने खालून उत्तर दिलं. हिने मान हलवली, पुन्हा काही सांगितलं, आणि तो एवढा खो खो हसला की चहावाला बघायला लागला. चहा आला तेव्हा मातीच्या एका कुल्हडात साखर कमी होती. माझ्या. मी तिला आधी सहज बोलले होते की मला गोड चालत नाही. एवढ्या गोंगाटातून माझी साखर खालपर्यंत पोचली होती, आणि मी मात्र सगळा दिवस घसा फोडत होते. मी त्या मुलीच्या हातांकडे बघतच राहिले. माणसांचे चेहरे बघण्यात माझा जन्म गेला, हात हे बोलायला असतात हे मला माहीत नव्हतं.

चहा पिता पिता मी विचारलं, ओठ तिला दिसतील अशा बेताने, "लग्नातला कुठला फोटो हवाच हवा तुला?"

ती बराच वेळ लिहीत बसली. मग मोबाइल माझ्या हातात दिला.

"सगळ्या चुलतबहिणींच्या लग्नात मी पुढे उभी राहते. आत्या मंगलाष्टकं म्हणते, घरच्यांची नावं गुंफून. मधेच सगळे हसतात. मग सगळे रडतात. मी त्यांच्याकडे बघून हसते, त्यांच्याकडे बघून रडते. आईला विचारलं की म्हणते, नंतर सांगते. नंतर कोणाला आठवत नसतं. फोटो कुठलाही काढा. माझ्या लग्नात मला काय चाललंय ते त्याच वेळी कळायला हवं. नंतर नाही."

आणि खाली आणखी एक ओळ होती. "शिवाय मधे ते कापड. तुमचं बोलणं कापडातून पलीकडे जातं. आमचं जात नाही."

मी एवढी लग्नं बघितली, हे माझ्या टाळक्यात कधी आलं नव्हतं. अंतरपाट म्हणजे आपल्याला गंमत वाटते. पलीकडून नवऱ्याचं खाकरणं ऐकू येतं, मित्र काहीतरी टोमणा मारतात, नवरी गालात हसते. ह्या दोघांच्या मधे कापड धरायचं म्हणजे दोघांच्या तोंडावर हात ठेवण्यासारखंच की!

तिची मागणी अवघड नव्हती. नूपुर नावाची तिची एक मैत्रीण आहे. नूपुरचे आईवडील ऐकू न येणारे, म्हणून तिला दोन्ही येतं, तोंडाने बोलणं आणि हातांनी बोलणं. तिला मांडवात उभी करायची, ती मंगलाष्टकं हातांनी सांगत जाईल. बास. वृंदाताई तयार होत्या. गुरुजींचीही हरकत नव्हती.

श्रीकांतराव नको म्हणाले.

का, ते वृंदाताईंनीच मला सांगितलं, स्टुडिओत येऊन, अल्बमचे नमुने चाळायच्या निमित्ताने. चैत्राली लहान असताना तज्ज्ञांनी बजावलं होतं की मुलीशी हातवारे करू नका, हात वापरायची सवय लागली तर ती कधीच बोलणार नाही. आणि घरात एकच भाषा बोला, दोन नकोत. श्रीकांतरावांनी ते देववाणीसारखं पाळलं. ऑफिसातून आले की आरशासमोर मुलीला घेऊन बसायचे, तिचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून एकेक अक्षर घोटून घ्यायचे. तिचे हात हलले की "हात खाली". जेवताना, खेळताना, बाहेर, सारखं "हात खाली". पोरगी बोलायला शिकली. ओठ वाचायलाही शिकली, पण मराठी. आणि घराबाहेर पडली की सगळे ओठ बंगाली!

"अहो, मग ती एकदा दुकानात पेन्सिल मागायला गेली," वृंदाताई म्हणाल्या, "आणि तिचा आवाज ऐकून तिथली मुलं हसली. त्या दिवसापासून तिने घराबाहेर तोंड उघडलेलं नाही. कॉलेजात ही खुणांची भाषा शिकली, मैत्रिणींकडून. ह्यांच्यापासून चोरून. ह्यांना कळलं तेव्हा घरात आठवडाभर कोणी कोणाशी बोललं नाही. हे अजूनही तिचे हात चालू झाले की पेपर वर धरतात."

"आणि ती तुमच्याशी?"

"माझं थोडं थोडं चालतं तिच्याशी. जेव, नीज, औषध घे. त्याच्या पुढचं नाही येत हो मला."

माझं डोकं फिरलं. मी कोणाच्या घरात नाक खुपसत नाही असं मी नेहमी म्हणते, आणि नेहमीच खुपसते. लग्नाच्या आधी हॉल बघायला आम्ही बेहालातल्या त्या लग्नघरात जमलो, तेव्हा मी श्रीकांतरावांना गाठलंच.

"काय हो, त्या नूपुरला उभी केली तर तुमचं काय बिघडतंय?"

"दुभाषी नको."

"का पण?"

"नको म्हणजे नको."

"अहो, मुलीचं लग्न आहे, तिला कळायला नको?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ह्या माणसाच्या चेहऱ्यावरून काही वाचता येत नाही, मी पोर्ट्रेटवाली असून सांगते. मग अगदी शांतपणे म्हणाले, "शकुनताई, अंतरपाट धरल्यावर तुम्ही कुठे उभ्या राहता?"

विषय बदलायची ही काय रीत! मी फणकाऱ्यानेच त्यांना स्टेजवर नेलं आणि जागा दाखवली. ते तिथे उभे राहिले. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. "इथून दोघंही दिसतात?"

"दिसतात म्हणून तर उभी राहते."

"आणि दोघांना इथला माणूस दिसतो?"

"मी दिसते. पण माझ्याकडे बघायचं नसतं. बघितलं तर फोटो बिघडतो."

त्यांनी मान डोलावली आणि जेवणाच्या मेनूबद्दल बोलायला गेले. मी मनात म्हटलं, मुलीच्या मनाची पर्वा नाही आणि फोटोच्या कोनाची चौकशी. अशा माणसापुढे हात टेकले.

लग्नाच्या दिवशी सकाळी हॉल भरला तो दोन तऱ्हांनी. पुढे पुण्या-नागपूरहून आलेले नातेवाईक, शालू, अत्तर, आणि कान किटवणारा कलकलाट. मागे चैत्राली-केयूरची मित्रमंडळी, कोण बराकपूरचं, कोण हावड्याचं, बंगाली, बिहारी, एक मद्रासी जोडपं. तिथे आवाज औषधाला नाही आणि बोलणं मात्र धो धो चाललेलं. एक जण पहिल्या खुर्चीवरून शेवटच्या खुर्चीवरच्याला काहीतरी सांगतोय, मधले चार जण त्यात आपलं घालतायत. माझ्याबरोबर व्हिडिओला तपनदा असतात, मुरलेला माणूस, लग्नांना विटलेला. तेही कॅमेरा मागे वळवून तिकडेच बघत राहिले. "दीदी, ह्यांच्यात कोणी गप्प बसतच नाही," ते मला हिंदीत म्हणाले.

चैत्रालीला तिचे शरदमामा घेऊन आले. हिरवा शालू, मुंडावळ्या, हातात हार. एवढी देखणी दिसत होती, पण चेहरा दातांच्या डॉक्टरकडे बसलेल्या माणसासारखा. आता जे होणार आहे ते होऊन जाऊ दे, असा. केयूरच्या दोन मावसभावांनी अंतरपाट धरला. पांढराशुभ्र, मधे कुंकवाचं स्वस्तिक. तो वर गेला आणि मी तिच्या डोळ्यांत पाहिलं, केयूर दिसेनासा झाला तसे तिचे डोळे विझले. विझले हाच शब्द. नूपुर तिसऱ्या रांगेत बसली होती, हात मांडीवर ठेवून.

मी माझ्या जागेवर घट्ट उभी.

गुरुजींची मंगलाष्टकं झाली. मग चैत्रालीच्या आत्याने, कुसुमताईंनी, माईक घेतला. त्यांनी खरंच छान रचलं होतं. एका ओळीत त्यांनी श्रीकांतरावांच्या इस्त्रीच्या वेडाची टर उडवली आणि पुढच्या सगळ्या रांगा हसल्या. चैत्रालीने मान वर केली. हसणाऱ्यांचे चेहरे बघितले. आणि हसली. एक पळ उशिरा.

ते मी लेन्समधून बघितलं. तिने घाटावर लिहिलेलं ते माझ्यासमोर घडत होतं, तिच्याच लग्नात. मला असा काही संताप आला की वाटलं, कॅमेरा ठेवावा आणि श्रीकांत खांबेट्यांना चार लोकांत सुनवावं.

तेवढ्यात लेन्सपुढे एक फेटा आला.

फेटा, रेशमी सदरा, रुंद पाठ. ऐन वेळी! कुसुमताईंची शेवटची ओळ चालू होती, आता गुरुजी शेवटचं 'सावधान' म्हणणार. मी कोपर मारलं. चांगलं सणसणीत मारलं. "अहो, बाजूला व्हा की! अक्कल आहे का, मुहूर्त आलाय!"

ते वळले. श्रीकांतराव.

"शकुनताई," ते म्हणाले, "ही जागा आज मला द्या."

"आत्ता? आणि फोटो?"

"फोटो नाही आला तरी चालेल."

इतक्या वर्षांत मला असं कोणी म्हटलं नव्हतं. लग्न राहिलं तरी चालेल, फोटो हवा, अशी माणसं बघितली आहेत मी. त्यांच्या आवाजात काहीतरी होतं, मी वाद न घालता दोन पावलं मागे झाले.

त्यांनी गुरुजींना हात करून थांबवलं. कुसुमताईंना माईक खाली ठेवायला लावला. गुरुजींना बहुधा आधी सांगून ठेवलेलं असावं, ते नुसते डोळे मिटून उभे राहिले. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली, आता काय, कोण राहिलंय, काय झालं. चैत्राली मान खाली घालून उभी होती, नवरीने राहायचं तशी. तिला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं.

श्रीकांतरावांनी उजवा पाय उचलला आणि स्टेजच्या लाकडावर दोनदा दाणकन आपटला.

ते कशासाठी, मला कळलं नाही. पण मागच्या रांगांतली सगळी डोकी एकदम वर झाली. त्यांच्यात एकमेकांना हाक मारायची ती रीत आहे, हे मला मग समजलं. लाकूड थरथरलं ते चैत्रालीच्या पायांना कळलं. तिने वर बघितलं. समोर, अंतरपाटाच्या टोकाशी, तिचे वडील. आणि त्यांनी हात वर केले.

जाडजूड हात, जन्मभर सह्या केलेले. पहिली खूण केली आणि चुकली, ते थांबले, मनगट झटकलं, पुन्हा केली. मग दुसरी. मग तिसरी. मला घाटावर चैत्रालीने दोन-चार खुणा शिकवल्या होत्या, त्यातली मला एक ओळखू आली, मुलगी. मग माझी. मग पुन्हा मुलगी.

नूपुर का नको ते मला तेव्हा कळलं. त्यांना दुसऱ्याच्या हातांनी सांगायचं नव्हतं.

चैत्राली पुतळ्यासारखी उभी होती. हातातला हार खाली खाली येत होता, शरदमामांनी तो अलगद काढून घेतला. कापडाच्या दुसऱ्या बाजूला केयूर होता. तो बघत होता सासऱ्यांच्या हातांकडे, आणि प्रत्येक खुणेला मान हलवत होता, पाढे म्हणून घेणाऱ्या मास्तरांसारखी. म्हणजे ह्याने शिकवलं! सकाळी फिरायला जातो म्हणून सासरे घराबाहेर पडायचे आणि बागेतल्या बाकावर मोबाइल उभा करून व्हिडिओ कॉलवर जावयाकडे शिकायचे, हे मला मागाहून वृंदाताईंनी सांगितलं. त्यांना स्वतःलाही पत्ता नव्हता. त्या स्टेजच्या कडेला उभ्या होत्या आणि नवऱ्याकडे अशा बघत होत्या की हा माणूस कोण आहे.

मग मागच्या रांगा हसल्या.

काहीतरी विनोद झाला होता. श्रीकांतरावांनी दोन्ही हातांनी काहीतरी केलं, पेपर उघडून तोंडापुढे धरल्यासारखं, पुढचं मला कळलं नाही. मागे ती सगळी मंडळी खदखदा हसली, केयूर हसला, आणि चैत्राली हसली. त्याच वेळी. सगळ्यांच्या बरोबर. नुसती हसली नाही, मुंडावळ्या हलेपर्यंत हसली. पुढच्या रांगांतले आम्ही सगळे, शालू-पैठण्या, साहेब, मोठी माणसं, एकमेकांच्या तोंडाकडे बघत होतो. काही जण मागच्यांकडे बघून आपले उगाचच हसले. एक पळ उशिरा.

कुसुमताई खाली उतरून नूपुरच्या कानाशी लागल्या. "काय म्हणाला गं दादा? काय म्हणाला?"

नूपुरचे डोळे स्टेजवरून हलले नाहीत. ती म्हणाली, "नंतर सांगते."

अख्ख्या हॉलात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता, आणि त्या शांततेत एवढं बोलणं चाललं होतं. मी बहिऱ्यासारखी उभी होते. गळ्यातला कॅमेरा पोटाशी लोंबत होता, तपनदांनी व्हिडिओ चालू ठेवला होता म्हणून त्या घरात आज ते आहे. मला लाज नाही वाटत सांगायला. देवळात गाभाऱ्याचं दार उघडतं तेव्हा मी कधी फोटो काढला आहे का!

शेवटी श्रीकांतराव थांबले. श्वास घेतला. आणि मग त्यांनी जे केलं ते सगळ्या हॉलाला कळलं, पुढच्यांना, मागच्यांना, तपनदांना, गुरुजींना. त्यासाठी कुठलीही भाषा यायला नको होती. त्या फेटेवाल्या, इस्त्रीवाल्या माणसाने, सगळ्या नातेवाइकांच्या समोर, स्वतःचे दोन्ही कान धरले. मुलीसमोर. आणि तसेच धरून उभे राहिले.

मागच्या रांगांतले हात वर गेले. सगळ्यांचे. बोटं पसरून, हवेत थरथरवत. ती त्यांची टाळी. आवाज नाही, नुसते हात, वाऱ्यात झाड हलावं तसे. पुढचे लोक मागे वळून बघायला लागले आणि एकेक करून आमचेही हात वर गेले, मुठीत अक्षता धरलेले.

चैत्रालीचे हात सुटले. एवढी भराभर बोलली ती! हात नुसते उडत होते, डोळे बोलत होते, खांदे बोलत होते. जन्मभराचं साठलेलं असावं ते. श्रीकांतराव तिच्या हातांकडे बघत होते, ह्या हातावरून त्या हातावर नजर पळत होती, आणि त्यांचा चेहरा हळूहळू पडत गेला. त्यांना काही कळत नव्हतं. त्यांनी पाठ केलं होतं तेवढंच त्यांना येत होतं. तिची एकही खूण त्यांना लागत नव्हती. त्यांनी केविलवाणं होऊन केयूरकडे बघितलं, पण त्याचे हात हारात अडकलेले, आणि सांगितलं असतं तर ते तरी कुठे कळणार होतं!

"मला एवढंच येतं गं," श्रीकांतराव म्हणाले. तोंडाने. "चैतू, मला एवढंच येतं."

तिने ते ओठ वाचले. ते ओठ ती जन्मापासून वाचत आली होती. तिचे हात हवेत होते तिथेच थांबले. मग तिने ते खाली घेतले.

आणि तोंड उघडलं.

तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तिच्या चुलत बहिणींनीही कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. जाड, छातीतून आलेला, अक्षरांच्या कडा झिजलेल्या. पण शेवटच्या रांगेच्याही मागे उभ्या असलेल्या वाढप्यांपर्यंत स्पष्ट पोचला.

"बाबा," ती म्हणाली. "परत."

श्रीकांतरावांना ते समजायला क्षण गेला. मग त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या.

गुरुजी पुढे झुकले. "साहेब, मुहूर्ताची वेळ..."

"थांबू दे मुहूर्त," वृंदाताई म्हणाल्या. पदर सोडून, ठणठणीत आवाजात.

गुरुजींनी मान हलवली. अंतरपाट धरणाऱ्या मुलांचे दंड भरून आले होते, त्यांनी तो पुन्हा नीट वर उचलला. कोणी अक्षता टाकल्या नाहीत. चैत्रालीने शालूचा पदर घेतला आणि दोन्ही डोळे खसाखसा पुसून कोरडे केले, काजळ पसरलं तरी. डोळे भरून आले की तिला ऐकू येत नाही. मग तिने वडिलांकडे बघून मान हलवली, आणि त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली.